हातातून सुटलेलं

दुपारी आमच्या घरात दोनच आवाज असतात. माझ्या कीबोर्डचा आणि पलीकडच्या खोलीतल्या ताईच्या पायमशीनचा. ताई दुकानांसाठी उशांचे अभ्रे शिवते आणि शिवता शिवता भिंतीपलीकडून माझी शाळा घेते. जेवलास का, पडद्यात डोकं किती घालशील, लग्नाचं काय ठरवलंस.

त्या दिवशी आभाळ इतकं दाटलेलं होतं की दुपारीच दिवा लावावा लागला. कंपनीचा एक प्रोग्राम कुठेतरी अडकून तेच तेच करत नुसता गरगरत होता. अशा वेळी मी तो डीबगरखाली, म्हणजे चुका शोधायच्या साधनाखाली चालवतो. कंट्रोल आणि सी एकदम दाबलं की प्रोग्राम असेल तिथे गोठतो. मग तो कुठून कुठून इथवर आला, याची यादी मागायची. पडदा भरला की यादी थांबते आणि विचारते, पुढे जायचं तर एंटर, यादी सोडायची तर क्यू.

मी कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्राम थांबला. पलीकडचं मशीनही थांबलं.

दोरा तुटला असेल, असं वाटलं. यादी मागवून पहिलं पान निवांत वाचलं. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडून बराच वेळ एकही टोमणा आलेला नाही.

"ताई?"

उठून गेलो. ताई मशीनवर वाकलेली होती. एक हात चाकावर, ओठ काहीतरी म्हणायला उघडलेले. पापणी लवत नव्हती. नाकापुढे बोट धरलं, श्वास नव्हता. कपाळ मात्र नेहमीसारखं ऊबदार. खांदा हलवायला गेलो तर तो जागचा हलेना.

फोन माझ्या टेबलावर होता. तो उचलायला धावलो आणि नजर पडद्यावर गेली. प्रोग्राम आणि मशीन, दोन्ही एकाच क्षणी थांबली होती. कशाचा कशाशी संबंध, असं स्वतःला म्हटलं. तरी हात फोनऐवजी कीबोर्डवर गेला.

प्रोग्राम पुन्हा चालू करायचा तर आधी यादी संपायला हवी. एंटर. आणखी एक पान.

एंटर. पुन्हा त्याच ओळी.

एंटर, एंटर. यादी संपेना.

राहिलं क्यू. त्यानं फक्त यादी सुटते, प्रोग्राम मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सूचना पुन्हा एकदा वाचली.

क्यू दाबलं. चालू ठेवण्याचा हुकूम दिला.

"...आणि जरा पाठ सरळ ठेवून बस," ताई म्हणाली. मशीन खडखडू लागलं.

मी पडद्यावरची डीबगरची खिडकी बंद करायला गेलो. पडद्यावर प्रश्न आला : प्रोग्राम अजून चालू आहे, बंद केल्यास तो मारला जाईल. बंद करू?

मी घाईघाईने नाही म्हटलं. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे मास्तर म्हणतात.

"मास्तर, प्रोग्राम न मारता डीबगर काढायचाय."

"मग डिटॅच कर. प्रोग्राम चालू राहील, तुझ्या हातातून तेवढा सुटेल. त्यासाठी एकदा थांबवावा मात्र लागेल. आवाज का असा येतोय तुझा?"

मी फोन ठेवला. कंट्रोल-सी.

पलीकडे शांतता.

हुकूम टाइप करताना दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा जमला. मशीन पुन्हा सुरू झालं आणि मला रडूच फुटलं.

अंधार पडला तेव्हा मी हाक मारली, "ताई, चल, जेवून घेऊ."

"हे एवढं झालं की उठते."

थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली.

"हे एवढं झालं की उठते." तोच सूर, तोच ठेका.

मी परत टेबलाशी आलो. कंट्रोल-सी दाबलं. पुन्हा दाबलं. डीबगरनं शांतपणे उत्तर दिलं : डीबगरखाली कोणताही प्रोग्राम चालू नाही.

मी ताईच्या समोर जाऊन बसलो. अभ्रे केव्हाच शिवून झाले होते, बाजूला घडी करून ठेवलेले. सुईत दोरा नव्हता. सुईखाली कापड नव्हतं. ताई मात्र दोन्ही हातांनी ते हलकेच पुढे सरकवत होती.