असून नसल्यासारखी

जेवणं आटोपून आम्ही चुलतभावंडं गच्चीवर बसलो होतो. काका म्हणाला, "ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या ओळखीच्या एका वायफायवाल्यावर गुदरलेली आहे. बुधवार, तीन डिसेंबर, रात्री पावणेनऊ."

वायफायवाला एका बंद फ्लॅटवर निघाला होता. काम किरकोळ. दोन वर्षांपूर्वी तिथल्या आजींच्या खोलीत त्यानेच दोन डब्या बसवल्या होत्या. त्या डब्यांच्या वायफायच्या लहरी खोलीभर फिरतात. माणूस हलला, नुसता श्वास घेतला, तरी त्या थरथरतात आणि आजींच्या परगावच्या मुलाला फोनवर कळतं. फक्त आधी अर्धा तास यंत्राला रिकामी खोली दाखवावी लागते.

डब्या बसवल्या त्या दिवशी आजी खिडकीपाशी खुर्चीत. गुडघे गेलेले. त्यांना बाहेर बसवू या, असं वायफायवाल्याने सुचवलं होतं.

"राहू दे रे," मुलगा म्हणाला. "आई असून नसल्यासारखीच आहे."

"आणि वायफायवाल्याने ऐकलं त्याचं?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक होतं ते," काका म्हणाला.

मला किळस आली. कुणाची जास्त, ते ठरेना.

पुढे आजी खुर्चीतच गेल्या. चार दिवस फोनवर एकच ओळ: 'खोली रिकामी. सगळं ठीक.' मुलाने शेवटचे दोन शब्द तेवढे वाचले. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी वासावरून दार फोडलं. खुर्चीची गादी आजींबरोबरच न्यावी लागली.

त्यानंतर मुलाचा फोन 'एक माणूस' दाखवू लागला. भाडेकरू यायचे होते, मुलगा वैतागला. वायफायवाल्याला कारण ठाऊक होतं. आजींसकट खोलीला यंत्र रिकामी समजत होतं, म्हणून खरी रिकामी खोली त्याला वेगळी वाटत होती. नव्याने शिकवलं की झालं.

त्या बुधवारी रात्री त्याने शिकवलं. स्वतः जिन्यात थांबला. अर्ध्या तासाने आपला फोन पाहिला.

'एक माणूस.'

तो आत गेला.

'दोन माणसं.'

खाली श्वासांच्या दोन रेघा. त्याने श्वास रोखला. एक रेघ सपाट झाली.

दुसरी चालू होती... हळू... खिडकीपाशी.

काका थांबला.

"त्या मुलाचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? खोली भाड्याने गेली."

"वा."

काकाने माझ्याकडे पाहिलं नाही. डब्या त्याच रात्री उपटल्या, म्हणाला. वायरी कापून दुकानाच्या फडताळात टाकल्यात. पण वायफायवाल्याच्या फोनवर ती खोली अजून दिसते.

'एक माणूस.'

पुढे 'सगळं ठीक' मात्र येत नाही.