खाली बघितलंच नाही

हसा, हसा. मशीन ढकलत न्यायला कसली अक्कल लागते, असंच ना? माझ्याबरोबर तात्या कामाला होता. सोनोग्राफीचं फिरतं मशीन तोच वॉर्डावॉर्डांत न्यायचा. हे त्याच्या बाबतीत घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर झोपा.

मंगळवारची रात्र, दोन चाळीस. किडनीच्या वॉर्डातून फोन आला, मशीन पाठवा. तात्या निघाला. काम रोजचंच, पण त्या वॉर्डाचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. अठरा दिवसांपूर्वी तिथे पाच नंबरच्या खाटेवर एक आजी गेली होती, शिवणकाम करणारी. लघवीची नळी घातलेली, पिशवी कोरडी. डॉक्टरसाहेबांनी किडनीवर प्रोब, म्हणजे मशीनचा तो अंगावर फिरवायचा दांडा, टेकवला, काळे गोल दिसले. "पाण्याच्या गाठी. म्हातारपणी असतातच. किडनीच लघवी करत नाहीये." झालं! अरे, स्क्रीनवर पाणी काळंच दिसतं. गाठीतलं पाणी काय आणि तुंबलेली लघवी काय, दिसायला सारखीच. म्हणून तर हात खाली आणून मूत्राशय बघायचं असतं. आजी विव्हळत होती, "बाबा, खाली फुटतंय रे." तात्या म्हणाला, "साहेब, एकदा खाली..." तर साहेब म्हणतात, "तू मशीन ढकल." पहाटे आजी गेली. सिस्टरनी नळी काढली आणि सगळी गादी भिजली. नळी तुंबली होती, दुसरं काही नाही! साहेबांच्या तोऱ्यापायी जिवंत माणूस गेलं! आणि तात्या तेव्हा गप्प बसला, ते त्याला आतून खात होतं.

आता मंगळवारी पुन्हा तेच साहेब. सहा नंबरवर एक ड्रायव्हर, दोन पोरींचा बाप. त्यालाही नळी. पिशवी कोरडी. स्क्रीनवर काळे गोल.

"गाठी आहेत," साहेब म्हणाले. "बंद कर."

तात्याने मशीन बंद केलं. वायर काढली...

"बाबा..."

आवाज पाच नंबरवरून आला.

साहेबांनी ऐकला. मान खाली घालून कागदावर लिहीत राहिले. तात्या वळला. खाट रिकामी. चादर ताणलेली.

"खाली बघ रे..."

तात्याने वायर परत लावली. "साहेब, खाली बघितल्याशिवाय हे मशीन इथून हलणार नाही."

साहेबांनी प्रोब पुन्हा उचलला. बेंबीखाली नेला. हे एवढं काळं तळं! मधोमध नळी आत अडकवून ठेवणारा फुगा. सिस्टरनी पिचकारीने नळी धुतली, रक्ताची गुठळी सुटली, पिशवी भराभर भरली. ड्रायव्हर वाचला. आणि साहेब काय म्हणाले, माहितेय? "मला शंका होतीच." लाज कोळून प्यायलेला माणूस!

तात्याने मशीन खोलीत ठेवलं, बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. तीन वाजून पाच मिनिटं.

सकाळी तो मशीनमधले रात्रीचे फोटो छापून काढायला बसला. दोन असायला हवे होते, एक किडनीचा, एक मूत्राशयाचा.

तीन होते.

तिसऱ्यावर वेळ, तीन सतरा. नावाची जागा कोरी. त्याला आधी कळेचना. किडनी नाही... मूत्राशय नाही... त्याने स्क्रीन जवळ ओढली.

बोटांची हाडं होती. चार. पाचवं जरा बाजूला.

कुणीतरी प्रोबवर तळहात टेकवला होता.