काहिलीतली चौथी जागा

भुताची गोष्ट सांगावी तर आम्हीच. संतपूरपासून दुबलगुंडीपर्यंत दुसरा माणूस न्हाई. एक होता, आमच्याहून झकास सांगायचा. तो मेला म्हणून आमचा नंबर लागला. त्यातून आम्ही भूत कधी पाहिलेलंच न्हाई. पाहिलं ते तात्यारावानं, आणि तेही भर दुपारी, टळटळीत उन्हात.

तात्याराव म्हणजे गावाचं सोंग. तलाठ्याच्या पिशवीत बेडूक सोडणार, नवरदेवाचे जोडे म्हशीच्या शिंगाला टांगणार. लोक हसायचे म्हणून तो करायचा. लोकांनी कशाला हसावं आणि कशाला हसू नये, हे त्यानं कधी निवडलं न्हाई.

धरणाचं पाणी चढलं आणि निम्मं रान पलीकडं राहिलं, त्या पहिल्या साली सगळं गाव गूळ कढवायच्या लोखंडी काहिलीत बसून पाणी ओलांडायचं. काहिलीत चौघं मावायची. एका सकाळी तिघं बसली होती. गुंडेअप्पा, त्यांची बायको इंदिराबाई, आणि वल्हं धरून तात्याराव. काठावर बौद्ध वस्तीतली राजूबाई येऊन उभी राहिली. डोक्यावर भाकरीचं टोपलं, दाताला मिशेरी. इंदिराबाईनं पदर आवरून घेतला. तेवढ्यावर तात्यारावाला सुचलं.

"काहील भरली गं राजूबाई! पुढच्या खेपंला ये. न्हाईतर आपली तरंगत ये!"

अप्पा पोट धरून हसले. राजूबाई बुडालेल्या गाडीवाटेनं चालत निघाली. तिथं गुडघाभरच पाणी हाय, असं सगळेच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ती पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला अडकलेली सापडली.

तिचा नवरा भगवान तेव्हा उदगीरला हमालीला गेलेला. तो आल्यावर तात्यारावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काहील भरली होती बाबा. मुंगीला जागा नव्हती." आणि वर्षभर, जो विचारंल त्याला, हेच सांगत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात धरणाचं काम संपलं. साहेब लोकांनी हवा खायला आणलेल्या दोन शिडाच्या नावा काठावर तशाच राहिल्या. त्यातली एक गावानं न्यावी, असं ठरलं. धाकटी तिघांची, थोरली दहांची. शीड बांधायचं गावात एकट्या भगवानाला ठावं. साहेबांच्या दोऱ्या त्यानंच ओढलेल्या. म्हणून पसंतीला तो गेला, गावाकडून गुंडेअप्पा गेले, आणि करमणुकीला तात्याराव.

"थोरलीच घ्या," अप्पा म्हणाले. "मोकळं मोकळं बसता येतंय."

कुणापासून मोकळं, ते त्यांनी सांगितलं न्हाई. भगवानानंही विचारलं न्हाई.

"अप्पा, पाणी आटलं की थोरली गाळात रुतंल. धाकटी दोन माणसं उचलत्यात. अन् चिकटून बसल्यावर कोण मरायलंय?"

मग दोन्ही पाण्यात घालून बघायचं ठरलं.

आधी धाकटी. तिच्या अंगावर पांढरी रेघ ओढलेली होती. तिघं बसली की पाणी रेघंला लागायचं. भगवान बसला, तात्याराव बसला, अप्पा काठावरच राहिले. पाणी गुमान रेघंला येऊन टेकलं.

"तुझं वजन वाढलंय का रं भगवान?" तात्याराव हसला. भगवान हसला न्हाई. तो रेघंकडं बघायला होता.

मग थोरली. अप्पा मागच्या टोकाला, भगवान मधी शिडापाशी, तात्याराव पुढच्या फळीवर एकटा. वाऱ्याचं नाव नव्हतं. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. पाण्यावर पाखरू न्हाई, लाट न्हाई, कशाचा आवाज न्हाई. आणि नाव चालायला लागली.

"भगवान... वारं कुठंय?"

"न्हाई अप्पा."

"मग ही कामून जायलीय?"

भगवानानं दोरी सोडून दिली. नाव चालतच राहिली, सावकाश, वाट पाठ असल्यासारखी, बाभळीच्या शेंड्याकडं. तिथं जाऊन उभी राहिली.

मिशेरीचा वास आला. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा, कडू, नाकात बसणारा. तात्यारावानं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी नाकाला उपरणं लावलेलं. मग त्याचं लक्ष शेजारी गेलं. फळी ओली होती. शिंतोडे उडून होते तशी न्हाई. पाण्यातून निघालेलं माणूस तसंच येऊन टेकावं, तशी. लुगड्याचा काठ गळावा तसे फळीखाली थेंब पडायले होते. टप... टप...

तो वीतभर सरकला. थोड्या वेळानं ओलही वीतभर सरकली.

जन्मभर दुसऱ्यांना दचकवण्यात गेलेला माणूस. आपण दचकल्यावर काय करायचं असतं, ते त्याला येत नव्हतं. फळी संपेपर्यंत तो सरकत राहिला.

मग नाव आपसूक वळली आणि काठाला आली. अप्पा उडी मारून उतरले, धोतर भिजवून. तात्याराव कसाबसा काठावरच्या दगडावर जाऊन बसला. दगड तापून चटका देत होता, तरी उठवेना.

"सांग रं तात्या एकदाचं," लांब उभं राहूनच अप्पा म्हणाले. "कोणची घ्यायची?"

तात्यारावानं ओठ ओले केले. "थोरली... थोरलीच घ्या. तिच्यात सगळ्यांना जागा हाय."

भगवान नाव बांधत होता. गाठ मारून तो वळला आणि तात्यारावाकडं न बघता त्याच्या शेजारी बघू लागला. तापलेल्या दगडावर, अगदी चिकटून, ओल उमटली होती.

"जागा काहिलीत बी होती, तात्या. इंदिराकाकूनं कालच सांगितलं मला. थोरली घ्या न्हाईतर धाकटी घ्या, पर आधी तिला तेवढं उठ म्हणा. बसू नको म्हणून बी तुमीच म्हणला होता."