हिरवा काठ

"सावलीला तळं म्हणणारी बाई कुठे बसते हो?"

गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक उंच माणूस लिफ्टच्या दारात मला विचारत होता, आणि ती बाई मीच होते. माझी पाचावर धारण बसली. मी मुकाट्याने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं आणि जागेवर जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

आमचं काम सांगायला सोपं. जगातली लहानमोठी तळी, सरोवरं, धरणांचे जलाशय, सगळ्यांचे उपग्रहाने घेतलेले फोटो यायचे. मी पडद्यावर पाण्याच्या कडेने रेष ओढायची आणि आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ काढायचं. हा माणूस पडताळणीवाला. माझी रेष खरी की खोटी, ते जागेवर जाऊन बघणारा. बिचारा दिवसभर डोंगर चढला होता, आणि वर तळं नव्हतंच, कड्याची सावली होती. फोटोत दोन्ही काळीच दिसतात, मी तरी काय करू...

वरच्या मजल्यावर हेलपाटा घालून तो परत आला, तेव्हा मी टेबलाखाली पेन शोधत होते. निदान तसं दाखवत होते.

"सापडलं का पेन?" तो वाकून म्हणाला. "की तेही सावलीच निघालं?"

घाबरलेली असूनही मला हसू फुटलं.

मग तो येतच राहिला. आधी माझ्या चुका सांगायला, आणि पुढे पुढे चूक नसली तरी. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाय हलवत गप्पा मारायचा. मी भलतीच भित्री, फोन वाजला तरी दचकणारी. त्याला पोहता येत नाही हे कळलं तेव्हा तर मी हबकलेच.

"अहो, मी काठावरच असतो," तो म्हणाला. "आणि काठ तुम्ही आखलेला. मग मला कसली भीती?"

कुणी एवढा भरवसा टाकला की मला धडकी भरते. आवडतंही... काय करणार.

एक दिवस तो माझाच नकाशा घेऊन एका मोठ्या सरोवरावर गेला होता. तिथला एक कोपरा आटून हिरवीगार जमीन उघडी पडलीये, असं मी आखलं होतं. दुपारी सहज जुना फोटो उघडला आणि काळजात धस्स झालं. त्या फोटोत ती हिरवी जमीन समोरच्या काठाला होती. जमीन कधी चालते का? ती जलपर्णी होती, वाऱ्याबरोबर तरंगत इकडून तिकडे जाणारी. खाली नुसतं खोल पाणी. रेष ओढण्याआधी जुना फोटो शेजारी ठेवून बघायचा, हा आमचा साधा नियम. पण ही रेष ओढली तेव्हा तो टेबलावर बसून माझ्याकडे बघत होता, आणि मी नियम विसरले होते.

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा... पुन्हा. शेवटी ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांपुढे जाऊन रडलेच. ते एक शब्द न विचारता किल्ली घेऊन उठले. सगळा रस्ता मी सीटची कड धरून बसले होते. माणूस काठ समजून पाय टाकेल, दोन पावलं हिरवळ तोलून धरेल, आणि मग... पुढचं डोक्यातून जाता जाईना.

काठावर त्याने चिखलामुळे काढून ठेवलेले बूट होते, शेजारी पिशवी. समोर पसरलेली हिरवळ, आणि तिच्यात एके ठिकाणी भगदाड. त्यात काळं पाणी हलत होतं. मी त्याला हाका मारत काठाने धावत सुटले.

इतक्यात डावीकडून कुणीतरी खोकलं.

एक म्हातारे मासेमार आजोबा होडी काठाला लावत होते. होडीत पोत्यात गुंडाळलेला, दात वाजणारा तो. आजोबांनी वल्हं पुढे केलं म्हणून वाचला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली. मी चिखलातच त्याच्यापाशी जाऊन बसले. चूक माझी होती, एवढंच हुंदके देत म्हणाले.

"बुडताना कुणाला हाक मारली, माहितीये?" तो कापऱ्या आवाजात म्हणाला.

"आईला?"

"तुला. चांगल्या शिव्या घालणार होतो. पण नाकातोंडात पाणी गेलं, आणि वाटलं... एवढ्यात मरून नाही चालायचं. हिला घालायच्या शिव्या खूप आहेत. सगळा जन्म लागेल."

त्याचा हात बर्फासारखा गार होता. मी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. या वेळी कुठे लपावंसं वाटलं नाही.

"घाल," मी म्हणाले. "जन्मभर घाल. मी ऐकते."