सहाची नोंद

चामराजपेटच्या त्या रुग्णालयात मी गेलो होतो साध्याच कामासाठी. कागदी केसपेपर जाऊन तिथे आमच्या कंपनीची संगणकीय नोंद आली होती, पण वॉर्डातल्या सगळ्या नर्स मोठ्या सिस्टर भाग्यलक्ष्मी अक्कांच्याच पासवर्डनं काम करत होत्या. अक्कांना जाऊन महिना झाला होता. मेलेल्या बाईच्या नावानं ताप आणि नाडी लिहायची, म्हणजे कमाल झाली. मी चिडून त्यांचं खातं बंद केलं. माझी आई त्याच वॉर्डात न्यूमोनियानं पडून होती. तिच्या जिवाशी असला खेळ मला नको होता.

मग सहज तिची नोंद उघडली. शेवटची ओळ होती: आज सायंकाळी सहा, नाडी लागत नाही. नोंद करणारी, भाग्यलक्ष्मी.

अजून पाचही वाजले नव्हते. आई समोर मोसंबीचा रस पीत होती.

पुढच्या वेळेचे आकडे आधीच भरून ठेवायची नर्सांची खोड मला ठाऊक होती. मी महानंदा सिस्टरला झापलं. ती बेळगावकडची, शांत मुलगी. स्क्रीन बघून तिचा चेहरा उतरला.

"अक्का आधी कधी भरत नव्हत्या, अण्णा," ती हळूच म्हणाली. "नाडी धरल्याबिगर लिवायच्याच नाहीत..."

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. पण कुठूनतरी स्पिरिटचा आणि मोगऱ्याचा वास यायला लागला होता. ओळ पुसली जाईना. तारीख मात्र बदलता येत होती. मी ती उद्याची केली.

सहा वाजून गेले. आई मनगट चोळत म्हणाली, "कोण रे त्या बाई? हात धरला आणि तशाच गेल्या. किती गार हात..."

आई बसवनगुडीला घरी आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून मी ती तारीख पुढे ढकलतो. कुणाला बोललो नाही, तुम्हालाच सांगतोय. मला आई हवी आहे, बस्स. ती वाळत चालली आहे, हे मला दिसतं. काल म्हणाली, "आशय, रोज येतात बिचाऱ्या आणि आल्या पावली परत जातात. तू त्यांना बसूही देत नाहीस."

आज तिनं पलंगाशेजारी खुर्ची मांडून घेतली आहे. तारीख मी मघाशीच बदलली, पुन्हा तपासलीही. सहाला अजून अवकाश आहे...

आत खुर्ची सरकली. आई कुणाला तरी चहा विचारते आहे.