यानातला रुद्रेश

मेलेल्या माणसाला गोष्टीत मारलं, तर ते लागतं कुणाला?

भटजींना विचारलं, ते पिशवी उचलून निघाले. वहिनीने तोंड फिरवलं. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

माझा थोरला भाऊ रुद्रेश पुस्तकं लिहायचा. पाण्याखालची राज्यं, बोलणारी झाडं, हाडांच्या गढीत राहणारे राक्षस. मी सातवीत शाळा सोडली, पाळी गावात खाणीच्या ट्रकांचे टायर बदलतो. त्याच्या गोष्टी तोच मला वाचून दाखवायचा. सर्वण गावचा ओंकार त्याचा जिवाभावाचा मित्र. तो यानांच्या, यंत्रांच्या, परग्रहांच्या गोष्टी लिहायचा आणि थट्टेने प्रत्येकीत रुद्रेशला घालायचा, खऱ्या नावानिशी. अख्ख्या यानात जादूवर विश्वास ठेवणारा तो एकटाच लेखक. शेवटी मरायचाही तोच.

"मेल्या, परत मारलंस माका?" दादा हसायचा.

"तू तुझे राक्षस सोड, मी तुका मारूचा सोडतंय," ओंकार म्हणायचा.

मार्चमध्ये खनिजाने भरलेला ट्रक दादाच्या स्कूटरवरून गेला. हेल्मेट मीच कापून काढलं. आत काय होतं ते वहिनीला बघू दिलं नाही.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे फणसावर बसून राहिले, एकही उतरेना. आमच्यात अशा वेळी घरचं माणूस मेलेल्याची इच्छा ओळखतं आणि शब्द देतं. "वयनीक सांभाळीन," मी म्हटलं. "सोरो सोडीन, एक थेंब घेवचंय नाय." कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. सेजल वहिनी उपाशी उभी होती, तिला चक्कर येत होती. मला राहवेना. मी ओरडलो, "दादा, ओंकार तुका लिवत रवतलो! तो जिवंत असेसर!"

कावळा दगडासारखा खाली आला. मागे उभ्या असलेल्या ओंकारने रडत मान हलवली.

त्यानंतरची ओंकारची पहिली गोष्ट एका रविवारी मोबाईलवर आली. दुपारी वहिनीने ती मोठ्याने वाचली. यानाच्या सरकत्या दारात लेखक रुद्रेशचा गळा कापला जातो. तिने मोबाईल उपडा ठेवला, तोच न्हाणीत तांब्या पडला.

न्हाणीत डिझेलचा वास भरला होता. दादा दगडावर बसला होता, भर उजेडात. गळा या कानापासून त्या कानापर्यंत उघडा. तो काही सांगायला बघत होता आणि त्या फटीतून नुसते लाल बुडबुडे येत होते. वहिनीने पुढे होऊन पदर तिथे दाबला. पदर भिजला... आणि मग तिच्या हाताखाली दगड राहिला.

पुढच्या गोष्टीनंतर तो जळून आला. त्याच्या पुढच्या वेळी आतडी दोन्ही हातांत धरून आला, बाळाला धरावं तशी. तेव्हा त्याला आवाज फुटला.

"परत... मारल्यान..."

मी टायर काढायची लोखंडी लीवर घेतली आणि सर्वणला गेलो.

ओंकार लॅपटॉपसमोर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"मी मारनंय नाय रे, बाबली," तो म्हणाला. "मी त्याका वाचवूक बघतंय. प्रत्येक गोष्टीत दाराभायर काढतंय. तो परत मागे फिरता."

"मगे लिवचा बंद कर."

"शब्द तू दिलंस. मी किती बघलंय... बोटां थांबनत नाय."

"थांबतली."

मी त्याचे हात टेबलावर दाबले आणि लीवर हाणली. एकामागून एक बोट. सुकं सरपण मोडताना होतो तसा आवाज. तो ओरडला नाही. सुटका झाल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

घरी आलो तर वहिनी न्हाणीच्या दारात उभी होती. "भावजी," ती हळूच म्हणाली, "आज तर गोष्ट नाय इली..."

आत दादा होता. दोन्ही हात पुढे धरलेले. सगळी बोटं उलटी वळलेली, पांढरी हाडं कातडीबाहेर. तो माझ्या हातातल्या लीवरकडे बघत होता.

"बाबली... तूय?"

वहिनीने न्हाणीचं दार ओढून घेतलं. "आता एकदाय ह्या बघूचा झाला," ती म्हणाली, "तर मी ह्यांच्या मागसून जातलंय."

दुसऱ्या दिवशी मी परत ओंकारकडे गेलो. तो खाटेवर पडला होता, दोन्ही हात प्लास्टरात. जिन्यावरून पडलो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

"दादाक त्या यानातसून उतरव," मी म्हटलं. "त्याच्या जागेवर माका घाल."

ओंकारने नुसती मान टेबलाकडे वळवली. "माका कित्याक सांगतंस? थय बघ."

लॅपटॉप उघडा होता. टेबलाजवळ कुणी नव्हतं. बटणं खाली जात होती, वर येत होती, आणि प्रत्येक बटणावर ओला लाल ठसा उमटत होता. मी जवळ गेलो तशी ती थांबली. पडद्यावरची शेवटची ओळ मी अक्षर अक्षर लावून वाचली. यानाचं दार उघडलं आणि आत आला... पुढे कोरं.

मी वाकलो. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. आडनाव तोंडातून निघायच्या आधीच बटणं खाली जायला लागली.

तरी मी तेही सांगितलं, सावकाश, चूक राहू नये म्हणून.