लवूच्या नखांवरची हळद

लवूच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला कडेनं पिवळी रेघ होती. तर्जनीला तशीच, पण फिकट. करंगळी स्वच्छ.

दुधाच्या चार बाटल्या पुढं सरकवता सरकवता मालननं एवढं पाहिलं आणि तिचा हात बाटलीवरच राहिला.

परळच्या नाक्यावरच्या सरकारी दूधकेंद्रात ती सकाळी दूध वाटायची आणि तिथून रसायनशास्त्राच्या तासाला कॉलेजात जायची. वैशाखात एकदा तिच्या हातून बाटली निसटली. जमिनीला लागायच्या आत रांगेतल्या एकानं ती झेलली. तो हा लवू, गिरणीत कापडाचे माग चालवणारा, मालवणकडचा. "बाटली वाचवली, आता नाव तरी सांगा," म्हणाला होता. आणि श्रावणात त्यानं सरळ लग्नाचंच विचारलं. "विचार करून सांगते," मालन म्हणाली. त्याला आता पाच महिने होत आले.

"संयुक्त महाराष्ट्राला दिल्लीनंसुद्धा मान डोलावली म्हणतात," तो रोज दुधाचं कार्ड पुढं करत म्हणायचा. "महाराष्ट्र येतोय. तुमचं काय?"

"समिती नेमलीय," ती म्हणायची.

पण समितीला शंका होत्या. एकट्या माणसाला चार बाटल्या कशाला? शेजाऱ्यांची कार्डं मागून आणायचा, आणि विचारलं की हसून विषय बदलायचा. मध्येच आठ दिवस गावाला जाऊन आला. आज बाही वर सरकली, तर मनगटावर एकही केस नाही. आणि आता हे पिवळं...

"हात पुसा," फळी पुसायचं सोड्याच्या पाण्यातलं फडकं तिनं पुढं केलं. "दूध सांडलंय."

"कुठं?"

"पुसा हो!"

त्यानं पुसला. पांढऱ्या फडक्यावर डाग उमटला — लाल. सोड्यानं हळद लाल होते. म्हणजे हळदच.

"कसला हो रंग हा?"

"हा...? स्वयंपाकाचा." लवूचे कान तापले. "रविवारनंतर सगळं सांगतो."

"रविवारी काय आहे?"

"आहे... एक कार्य आहे."

बाटल्या छातीशी धरून तो जवळजवळ पळालाच. कार्ड तिथंच राहिलं.

शेजारी झाकणं मोजणारी नलू हे सगळं ऐकत होती. "आठ दिवस गाव, अंगाला हळद, आणि रविवारी कार्य! अगं, नवरदेव झाला तो. बस तू विचार करत."

"मग हातावरचे केस कशाला काढले?"

"ते तुझ्या कॉलेजात नाही का शिकवत?"

त्या दिवशी प्रयोगशाळेत मालनच्या नळीतून तीनदा थेंब जास्त पडला. तिसऱ्यांदा तिनं चंचुपात्र ओतून दिलं आणि खिडकीशी उभी राहिली. पाच महिने ती त्याला तपासत होती. स्वतःचं उत्तर मात्र तिला श्रावणातच ठाऊक होतं — आणि आता ते ऐकायला तो राहिला नव्हता.

संध्याकाळी कार्ड द्यायचं निमित्त करून ती लालबागला त्याच्या चाळीत गेली. "लवू? मागं व्यायामशाळेत बघा," कुणीतरी सांगितलं.

दार उघडंच होतं. आत पांढऱ्या मिशांचे एक आजोबा हातात वाटी घेऊन ओरडत होते, "पोट आत घे! हास रे! फाशी चाललंस काय?"

समोर आरशापुढं दोन्ही दंड वर करून लवू उभा. अंगावर फक्त लंगोट आणि मानेपासून टाचेपर्यंत हळद-तेल.

"तुमचं कार्ड," मालन म्हणाली.

"अगे आये!" भिंतीला टांगलेला मोर्चाचा कापडी फलक ओढून लवूनं कमरेला गुंडाळला.

आजोबांनी वळून पाहिलं. "कोण गो तू?"

"दूधकेंद्रातली."

"म्हणजे चार बाटल्यांवाली! मी कुशाबा, ह्याचो वस्ताद. रविवारी ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा आसा. पयलीच. त्याच्यासाठीच ता दूध, आणि अंगावरचे केस काढले. हळद लावून बघतंय, दिव्याखाली अंग उठून दिसता काय ता."

मालन लवूकडे वळली. "मग कार्य कशाला म्हणालात? आणि आठ दिवस गाव?"

"कुळीथ आणायला गेलो होतो, ताकदीसाठी. आणि लंगोटावर चारशे माणसांपुढं उभा राहणार, हे तुम्हांला कुठल्या तोंडानं सांगू?" त्यानं मान खाली घातली. "त्यात हा डावा खांदा. छप्पन सालच्या मोर्चातल्या लाठीनं अर्धा इंच खाली आलाय."

"पाऊण," मालन म्हणाली. ते तिनं वैशाखातच पाहिलं होतं.

"पाऊण... वाटलं, जिंकूनच पुन्हा विचारावं. हरलेल्याला कोण हो म्हणणार?"

मालन त्याच्या पोटाकडे बघत राहिली. लवूनं कापड आणखी घट्ट धरलं. "काय बघताय?"

"वाचतेय."

घड्यांमधून फलकावरचे दोनच तांबडे शब्द बाहेर राहिले होते — झालाच पाहिजे.

"व्याकरण चुकलंय," ती म्हणाली.

"मी स्वतः रंगवलंय ते! महाराष्ट्र झालाच पाहिजे. काय चुकलं?"

"महाराष्ट्रापुरतं बरोबर आहे. आपल्याला 'झालंच' लागेल."

"काय झालंच...?"

कुशाबांच्या हातातली वाटी कलती झाली. तेल टपकत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं.

"लग्न," मालन म्हणाली. "झालंच पाहिजे. रविवारी हरलात तरी."